ऑक्टोपॅडमधून सनई का वाजली?

समजा, अक्कलकुव्यात लग्नाच्या वरातीची तयारी चालू आहे. बँडवाल्यांनी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड लॅपटॉपला जोडले, सॉफ्टवेअर सिंथेसायझर उघडला. कीबोर्डवर सनई झकास वाजली. मग ऑक्टोपॅडवर स्टिक मारली, तर ढोलाऐवजी तिथूनही सनईच! बिघाड कशातच नाही, पत्ता चुकलाय.

या वायरीतून आवाज जातच नाही, जातात ते आकडे. आवाज तयार होतो लॅपटॉपमध्ये. आकड्यांची ही भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलंड या दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ती वाद्यांची सामाईक भाषा झाली.

पट्टी दाबली की तीन आकडे निघतात. उदाहरणार्थ १४४, ६०, १००. यातला ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, १०० म्हणजे बोटाचा जोर (कमाल १२७) आणि १४४ म्हणजे ‘सूर सुरू कर, चॅनेल १’. तोच हुकूम चॅनेल १० साठी असेल, तर पहिला आकडा १५३ होतो.

पोर्ट म्हणजे बसस्थानकातला फलाट आणि चॅनेल म्हणजे गाडीवरची पाटी. चुकीच्या फलाटावर दिवसभर थांबलात तरी मोलगीची गाडी दिसणार नाही. फलाट बरोबर, पण पाटी न वाचताच चढलात, तर उतराल तळोद्याला. एका पोर्टवर अशा १६ पाट्या असतात. यूएसबीनं जोडलेलं प्रत्येक वाद्य सहसा स्वतःचा वेगळा पोर्ट घेऊन येतं.

आपल्या वरातीत ‘ओम्नी’ची सेटिंग नडली. या सेटिंगवर सिंथेसायझर पाटी वाचतच नाही, येईल त्या चॅनेलचा हुकूम सनईला देतो. उपाय सोपा आहे. सनईला चॅनेल १ द्या आणि ऑक्टोपॅडला १०. तालवाद्यांसाठी १० हा आकडा १९९१ च्या ‘जनरल मिडी’ नियमांनी ठरवून दिलाय. मात्र काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात. तिथे दहावा चॅनेल ९ या आकड्यानं दिसतो.

तेव्हा आवाजच येत नसेल तर आधी पोर्ट तपासा, भलताच आवाज येत असेल तर चॅनेल. नवं वाद्य घ्यायला नंदुरबार गाठण्याआधी एवढं नक्की करा.