रेडिओच्या वेषातील स्पीकर : काही समज आणि त्यांची शहानिशा

पोस्टातून परवाना काढून रेडिओ बाळगण्याचा काळ सरला, आणि व्हॉल्व्ह तापून आवाज येईतो तबकडीवरच्या दिव्याकडे डोळे लावून बसणारी पिढीही आता विरळ झाली. परंतु त्या रेडिओचे रूप मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाजारात मोठ्या दिमाखाने परतले आहे. लाकडी किंवा लाकडासारखी दिसणारी पेटी, पुढे विणलेल्या कापडाची जाळी, कडेला पितळी रंगाची पट्टी, बोटांनी फिरवावयाची गोल बटणे आणि पोटात ब्लूटूथ, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत हेन्री क्लॉस ह्या विख्यात ध्वनि-अभियंत्याने आखलेला टिव्होलीचा 'मॉडेल वन' 2000 साली आला (ब्लूटूथ त्यात मागाहून शिरले). गिटारच्या ॲम्प्लिफायरबद्दल ख्यातनाम असलेल्या मार्शलचे नाव धारण करणारा पहिला घरगुती स्पीकर 2012 मध्ये निघाला. आणि आपल्याकडे सारेगामाने, म्हणजे पूर्वाश्रमीच्या ग्रामोफोन कंपनीने, 5000 गाणी आधीच भरून ठेवलेला 'कारवाँ' 2017 साली आणला. ह्या वस्तू टाकाऊ आहेत असे मुळीच नव्हे. अडचण एवढीच, की त्यांची पारख करताना डोळ्यांची जबानी कानांच्या आधी नोंदवली जाते, आणि पुढचा सारा निवाडा त्या जबानीच्या धोरणानेच होतो.

सर्वांत चिवट समज असा, की जुन्या धाटणीच्या पेटीतून आवाजही जुन्यासारखा, म्हणजे मऊ, भरीव आणि कानांना न टोचणारा असाच येणार. ज्या आवाजाची ही आठवण आहे, तो मुळात कसा घडत होता हे पाहणे उद्बोधक आहे. मध्यलहरींवरील केंद्रांना एकमेकांपासून 9-10 किलोहर्ट्झच्या अंतरावर जागा नेमून दिलेली असल्यामुळे सुमारे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी श्रोत्यापर्यंत धड पोहोचतच नसे. तरुण माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू शकतो हे ध्यानात घेतले, म्हणजे झांजेची खणखण, घुंगरांची किणकिण आणि सकाराची धार ह्यांतील मोठा हिस्सा वाटेतच गळत होता हे उघड होते. जे उरे ते मागची बाजू उघडी असलेल्या ऐसपैस पेटीतून, चांगल्या रुंद कागदी पडद्याच्या स्पीकरमधून बाहेर पडे, आणि ती पेटी स्वतःही थोडीबहुत घुमत असे. आपण ज्याला माधुर्य म्हणत आलो, त्यात ह्या उणिवांचा वाटा लहान नव्हता. आजच्या पेटीत ह्यांपैकी काहीच नसते. जाळीमागे बहुधा तीन-चार इंची पडदा असतो, पेटी मागून बंद असते, आणि आवाजाचा रंग कसा असावा हे एक इवलीशी चीप ठरवीत असते. ती चीप काळ्या प्लास्टिकच्या नळकांड्यात असो की सागाच्या रंगाच्या पेटीत असो, तिचा हिशेब तोच राहतो. मार्शलच्या बाबतीत तर गंमत अशी, की गिटारच्या ॲम्प्लिफायरचे काम आवाज मुद्दाम फाडून त्याला रग देण्याचे असते, तो एका अर्थी वाद्याचाच भाग होय. उलट घरात गाणे ऐकण्याच्या स्पीकरने आपल्या पदरचे काहीही घालू नये अशी अपेक्षा असते. वेष एकाचा आणि काम दुसऱ्याचे, असा हा मामला आहे.

ह्याच समजाचे दुसरे अंग म्हणजे लाकडावरील श्रद्धा. सतारीचा भोपळा, तंबोऱ्याची तबली, सारंगीचे चामडे ही नादाबरोबर थरथरावीत म्हणूनच कारागीर त्यांच्यावर महिनोन्महिने खपतो, आणि त्यावरून स्पीकरची पेटीही 'बोलकी' असावी असे अनेकांना वाटते. वस्तुतः स्पीकरची पेटी जितकी मुकी तितकी उत्तम. तंबोऱ्याचा नाद तंबोऱ्याच्या भोपळ्याने एकदा घडवलेला असतो. त्यावर पेटीने पुन्हा आपले घुमणे चढवले, तर प्रत्येक गायकाच्या गळ्यात एकच खोट दिसू लागते. म्हणून चांगले कारखानदार दाट, सर्वत्र सारख्या पोताचा एमडीएफ वापरतात आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, ह्याला फसवणूक म्हणण्याचे कारण नाही. गाणे चालू असताना पेटीच्या कुशीवर तळहात ठेवून पाहावा. हाताला लक्षणीय कंप जाणवला, तर ती पेटी गाण्यात नाहक भर घालीत आहे असे खुशाल समजावे.

वॉटच्या आकड्यांविषयी फार लिहावयास नको, कारण टू-इन-वनच्या जमान्यात 'पीएमपीओ' नावाच्या, कोणत्याही सर्वमान्य प्रमाणाचा आधार नसलेल्या आकड्याने पुष्कळांना शहाणे करून सोडले आहे. तरीही दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज हा समज टिकून आहेच. शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी अवघी 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावा ह्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. खातरजमा करण्याचा एक सोपा मार्ग आहे. स्पीकरसोबत येणाऱ्या अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'आउटपुट 12 व्होल्ट, 1 ॲम्पिअर' असे काही छापलेले असते. ह्या दोहोंचा गुणाकार 12 वॉट होतो. आत बॅटरी असेल तर क्षणभर तिच्याकडून जास्त उचल घेता येते हे खरे, परंतु खोक्यावर 60 वॉट आणि अडॅप्टरवर 12 असा जमाखर्च असेल, तर दुकानदाराकडे खुलासा मागण्यास हरकत नाही.

खर्जाचा प्रश्न मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे, कारण आपल्या संगीताशी त्याचा निकटचा संबंध पोहोचतो. 'हा लहान असला तरी खर्ज मोठ्या स्पीकरसारखा देतो' हे वाक्य प्रत्येक दुकानात कानी पडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारणतः 138 हर्ट्झवर येतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झवर लागते. एकाच पडद्याने 138 ऐवजी 69 हर्ट्झचा स्वर तितक्याच जोराने काढावयाचा, तर त्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. तीन इंची पडद्याला एवढी धाव झेपत नाही. 1954 साली एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस ह्यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून लहान पेटीतून खोल खर्ज मिळवला खरा, पण त्याची किंमत म्हणून ॲम्प्लिफायरकडून अधिक शक्ती घ्यावी लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज ह्या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हा निसर्गाचा कायदा पितळी पट्टी लावल्याने रद्द होत नाही.

मग तंबोरा त्या लहान पेटीतही बरा का वाटतो? जवारीमुळे खर्जाच्या तारेतून वरच्या स्वयंभू स्वरांची जी दाट वीण उमटते, ती ऐकून मेंदू तळचा नसलेला स्वर आपण होऊन भरून काढतो. तबल्याच्या बायाँचे तसे होत नाही. त्याच्यात वरच्या स्वरांची ही श्रीमंती नाही, आणि म्हणून घिश्शाचा घुमारा हरवून नुसता 'धप्प' असा आवाज उरतो. नव्या स्पीकरची परीक्षा पाहावयाची तर झगमगीत वाद्यवृंदाच्या तुकड्यापेक्षा विलंबित ठेका लावावा, आणि बायाँवर तळहाताने दाब देऊन काढलेली मींड वर चढताना अखंड ऐकू येते की मधूनच उगवते, एवढेच पाहावे. नंतर आवाज कमाल पातळीच्या पाऊण हिश्शापर्यंत वाढवून तीच जागा पुन्हा ऐकावी. कित्येक स्पीकर आवाज वाढताच पडद्याच्या रक्षणार्थ खर्ज गुपचूप कापतात, आणि मंद आवाजात भरदार वाटलेली पेटी तेव्हा एकाएकी पोकळ होते.

एकाच पेटीवर 'स्टिरिओ' लिहिलेले असते, त्याचाही थोडा विचार व्हावा. दोन स्पीकर आणि श्रोता ह्यांचा सुमारे समभुज त्रिकोण झाला, म्हणजे डावे-उजवे नीट उमटते. वीतभर अंतरावरचे दोन पडदे ते कितपत साधणार? परंतु ज्यांचे ऐकणे मुख्यतः जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांतील नाट्यपदे आणि पन्नाशीच्या दशकातील भावगीते एवढेच आहे, त्यांचे ह्यात काडीचे नुकसान नाही, कारण ती ध्वनिमुद्रणे मुळातच एकमार्गी आहेत. क्लॉसचा 'मॉडेल वन' तर एकाच पडद्याचा होता आणि तसे तो उघडपणे सांगत असे. हा प्रामाणिकपणा मला दोन पडद्यांच्या बढाईपेक्षा अधिक भावतो.

दुकानात उत्तम वाटलेला स्पीकर घरी तसाच वाजेल हा विश्वासही तपासून घ्यावा. 1933 साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी दाखवून दिले, की मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणूनच दोन नमुन्यांपैकी जो किंचित मोठ्याने वाजवला जातो तोच ग्राहकाला सरस वाटतो, आणि विक्रेत्याचे बोट कोणत्या बटणावर आहे इकडे कुणाचे लक्ष नसते. दोन्ही आवाज समान करून घेतल्यावाचून तुलना करू नये. घरी आणल्यावर शोकेसच्या कप्प्यात, भिंतीला टेकवून, कोपऱ्यात बसवला की तोच स्पीकर घुमू लागतो, कारण भिंती खर्जाला उचलून धरतात. पाठीमागे छिद्र असलेल्या पेटीला तर वीतभर मोकळी जागा सोडावीच. चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत एक जाड सतरंजी आणि पडदे जे काम करतात, ते चार-पाच हजार रुपये अधिक मोजूनही साधत नाही.

राहता राहिला तारेविना चालण्याचा प्रश्न. ब्लूटूथमुळे आवाज बिघडतो असे एक पक्ष म्हणतो, काहीच बिघडत नाही असे दुसरा. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट माहिती असते. ब्लूटूथची मूलभूत एसबीसी पद्धती चांगल्या प्रतीतही सुमारे 328 किलोबिटांवर भागवते, तेव्हा काही गळते हे नाकारता येत नाही. तथापि तीन इंची पडदा आणि आपली खोली जे गाळतात, त्यापुढे ही गळती किरकोळ आहे. 'कारवाँ'सारख्या यंत्रात गाणी पोटातच असल्यामुळे तिथे हा प्रश्न फोन जोडल्यावाचून उद्भवतच नाही, आणि घरातील वृद्धांना जाळे, खाते, संकेतशब्द ह्यांच्या भानगडीत न पडता गाणे ऐकता येते, ही त्याची खरी मातब्बरी आहे. विलंबाची गोष्ट निराळी. ब्लूटूथवरून आवाज पुष्कळदा सेकंदाच्या दशांशाहून अधिक उशिरा पोहोचतो. रियाजासाठी मोबाइलवरचा तानपुरा लावला तर त्याने काही बिघडत नाही, ठेका लावला तरी गाणारा स्पीकरच्याच मात्रेवर चालतो; परंतु मायक्रोफोनमधून आपलाच गळा, किंवा फोनवरच्या हार्मोनियमचा आपणच दाबलेला स्वर, असा मागाहून ऐकू येऊ लागला की तान अडखळते. ज्यांना असा रियाज करावयाचा आहे त्यांनी स्पीकरच्या मागे तारेचे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र आहे की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहून घ्यावे.