गाण्यालाही नंबर असतो! आयएसआरसी कोड म्हणजे काय?

मागच्या वर्षी रात्री अकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, आपल्या गाण्याचे सगळे प्ले उडाले!"

त्याने मित्रांसोबत स्वतःच्या खर्चाने एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. दोन वर्षांत बऱ्यापैकी ऐकलं गेलं. मग त्याने डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं म्युझिक अ‍ॅप्सवर पोहोचवणारी कंपनी, बदलली. तीच ऑडिओ फाइल, तेच नाव, तरी आकडा शून्य.

मी विचारलं, "आयएसआरसी कोणता टाकलास?"
"ते काय असतं?"

तर, आयएसआरसी म्हणजे इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड, रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. हे आयएसओचं मानक १९८६ पासून आहे. जगभरचं काम आयएफपीआय पाहते, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था.

समजा कोड आहे आयएन-एक्सवायझेड-२४-०००१७. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन कोड देणाऱ्याची, मग वर्ष आणि शेवटी पाच अंकी अनुक्रमांक. इथे दोन गमती आहेत. वर्ष कोड दिल्याचं असतं, गाणं झाल्याचं नाही. आणि कोल्हापूरच्या गायकाचा कोड 'क्यूझेड'ने सुरू झाला तर घाबरू नका. तो अमेरिकेचा प्रिफिक्स आहे, तिथल्या डिस्ट्रिब्युटरने दिलेला.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. हा कोड गाण्याचा नाही, रेकॉर्डिंगचा आहे. भीमसेन जोशींनी एखादा अभंग स्टुडिओत गायला आणि तोच मैफलीत गायला, तर कोड दोन. रिमिक्सचा आणखी वेगळा. पण तेच रेकॉर्डिंग सिंगल म्हणून आलं, नंतर अल्बममध्ये आलं, तरी कोड एकच. मालक बदलला तरी तोच. चाल आणि शब्दांसाठी आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा कोड असतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही डेटाबेसची की आहे. कोड, नाव, कलाकार, लांबी जुळली की अ‍ॅप जुने प्ले नव्या अपलोडला जोडू शकतं. कोड वेगळा असेल तर त्याच्या लेखी ते नवीन गाणं. रॉयल्टीचा हिशोबही बराचसा याच कोडवर चालतो. (एवढं असून यात चेक डिजिट नाही! आधार नंबरमध्ये असतो. इथे एक अंक चुकला तर तो दुसऱ्याच कुणाच्या गाण्याचा कोड असू शकतो.)

भावाने अपलोड करताना कोडचा रकाना रिकामा सोडला होता, त्यामुळे नव्या डिस्ट्रिब्युटरने नवा कोड देऊन टाकला. आम्ही जुन्या खात्यातून मूळ कोड शोधला, नवं अपलोड काढलं आणि तोच कोड टाकून परत चढवलं. काही दिवसांनी जुना आकडा दिसू लागला.

तुमचं गाणं अ‍ॅपवर असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या डॅशबोर्डवरून कोड आजच उतरवून ठेवा. जुनं खातं बंद झालं असेल, तर आयएफपीआयच्या मोफत आयएसआरसी सर्चमध्ये कलाकाराचं नाव टाकून बघा.