माथा ते पायथा : सृष्टी राखण्याचा ख्रिस्ती विचार

धुळे/जळगाव : पाणी हा खानदेशचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे, तर जळगावच्या यावल-रावेर केळीपट्ट्यात अतिउपशामुळे भूजल खोल गेले आहे. अशा प्रदेशात निसर्गरक्षण हा केवळ प्रवचनाचा विषय राहत नाही. ख्रिस्ती धर्मविचारातील या संबंधीची चर्चा म्हणूनच लक्षणीय ठरते.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय मानवाला सृष्टीवर सत्ता देतो. निसर्गाच्या शोषणाचे मूळ याच विचारात असल्याची टीका अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये केली. दुसरा अध्याय मात्र बागेची मशागत व राखण मानवावर सोपवतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच राखणदारीवर भर देऊन पर्यावरणाचा व गरिबांचा प्रश्न एकच असल्याचे प्रतिपादन केले.

महाराष्ट्रात हा विचार त्याआधीच कृतीत उतरला होता. 1948 मध्ये भारतात आलेले स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचा पाया घातला. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले.

या कामाचे सूत्र ‘माथा ते पायथा’ असे आहे. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर व झाडे, मग शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावर बंधारे. वरची माती अडली नाही, तर खालचा बंधारा गाळाने भरतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत 1996 मध्ये काम सुरू झाले. पूर्वी तेथे शेतीत जेमतेम तीन-चार महिने मजुरी मिळे. पुढे ती नऊ-दहा महिने मिळू लागली.

तथापि या कामात श्रमदानाबरोबरच चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागते. तिचा पहिला भार भूमिहीनांवर व मेंढपाळांवर पडतो, तर वाढलेल्या पाण्याचा मोठा लाभ विहीर असलेल्या शेतकऱ्याला होतो. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांसाठी डोंगर बंद होणे म्हणजे उपजीविकाच धोक्यात येणे होय. त्यामुळे कुरणाचा कोणता भाग केव्हा बंद ठेवायचा, हे ठरवताना ग्रामसभेत मेंढपाळांचेही मत घेतले जाणे अगत्याचे आहे. माती राखताना माणूस राखला गेला की नाही, हीच या विचाराची खरी कसोटी आहे.