स्थापन-संच, आशय व्यवस्थापन प्रणालीतील

संकेतस्थळावरील लेख, सूचना, छायाचित्रे व कागदपत्रे यांचे लेखन, संपादन, वर्गीकरण व प्रकाशन संगणकाच्या भाषा न जाणणाऱ्या व्यक्तीलाही करता यावे, यासाठी रचलेल्या आज्ञावलींच्या समूहास ‘आशय व्यवस्थापन प्रणाली’ म्हणतात. अशा प्रणालीवरील संकेतस्थळ किंवा त्याचा एखादा भाग एका संगणकावर सिद्ध करून दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा उभा करण्यासाठी त्याच्या घटकांची जी एकत्रित बांधणी करतात, तिला स्थापन-संच किंवा व्यवहारातील शब्दात ‘पॅकेज’ असे म्हणतात. संच नव्या ठिकाणी उघडताना वा बसविताना उद्‌भवणारे दोष, त्यांची कारणे व त्यांचे निवारण यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

या प्रकारच्या प्रणालींपैकी ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) या विशेष प्रसिद्ध आहेत. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेल्या असून त्यांचा मजकूर डेटाबेसमध्ये साठविला जातो. मूळ प्रणालीत बदल न करता तिला नवी क्षमता देणाऱ्या जोडणीस वर्डप्रेसमध्ये ‘प्लगिन’ व ड्रुपलमध्ये ‘मॉड्यूल’ म्हणतात. संकेतस्थळाचे बाह्य रूप ठरविणाऱ्या जोडणीस ‘थीम’ म्हणतात. या जोडण्या सामान्यतः झिप स्वरूपातील संचाने पाठविल्या जातात.

संचाचे घटक : कोणत्याही संकेतस्थळाचे चार भाग पाडता येतात : (१) आज्ञावली, म्हणजे प्रणाली व तिच्या जोडण्या, (२) रचना, म्हणजे कोणती जोडणी चालू आहे, सूचीत कोणती पाने आहेत यांसारखे निर्णय, (३) आशय, म्हणजे लेख, सूचना व कागदपत्रे, (४) परिस्थिती, म्हणजे सर्व्हर, पीएचपी व डेटाबेस यांच्या आवृत्त्या, फाइलींवरील अधिकार, परवलीचे शब्द इत्यादी. पहिले दोन भाग चाचणीच्या संगणकावर तयार होऊन प्रत्यक्ष संकेतस्थळाकडे जातात. आशयाचा प्रवाह मात्र उलट असतो. तो प्रत्यक्ष संकेतस्थळावर दररोज निर्माण होतो व चाचणीसाठी तेथून खाली आणला जातो. चौथा भाग जेथल्या तेथेच राहावयाचा असतो. संचाचे बहुतेक गंभीर दोष या चार भागांची सरमिसळ झाल्याने उद्‌भवतात. दोष दिसतो तो उतरवण्याच्या जागी; त्याचे मूळ मात्र पुष्कळदा बांधणीत असते.

बांधणीचे दोष : सर्वांत साधा दोष फोल्डरच्या रचनेचा होय. वर्डप्रेस प्लगिनची ओळख पटविणारी माहिती त्याच्या मुख्य फाइलीच्या आरंभी असते आणि ती फाइल संचातील पहिल्याच फोल्डरात शोधली जाते. फोल्डरात आणखी एक फोल्डर बांधले गेल्यास संच बिनचूक असूनही त्यात वैध प्लगिन नसल्याचा संदेश येतो. फोल्डरचे नाव बदलले असल्यास जुन्या प्लगिनच्या जागी नवा न बसता दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

दुसरा दोष अपूर्णतेचा. प्लगिन ज्या इतर आज्ञावलींवर अवलंबून असतो, त्यांचे फोल्डर आवृत्ती-नोंदीतून वगळण्याची प्रथा आहे. नोंदीतून थेट संच बांधल्यास ते फोल्डर मागे राहते. विकासकाच्या संगणकावर ते आधीपासून असल्याने दोष तेथे कधीच प्रकट होत नाही. विंडोज संगणकावर फाइलीच्या नावातील रोमन लहान व मोठी अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात. लिनक्सवर ती भिन्न असतात. त्यामुळे एकीकडे सापडणारी फाइल दुसरीकडे सापडत नाही. फाइलीच्या अगदी आरंभी शिरलेली मोकळी ओळ किंवा अदृश्य चिन्हसुद्धा पान पाठविण्याच्या क्रमात बिघाड करते.

परिस्थितीचे दोष : पीएचपीच्या मूळ मांडणीत पाठविता येणाऱ्या फाइलीची मर्यादा २ मेगाबाइट, एका विनंतीतील एकूण मजकुराची मर्यादा ८ मेगाबाइट व आज्ञावली चालण्याची मर्यादा ३० सेकंद असते. या मर्यादा वाढविलेल्या नसल्यास मोठा संच अर्ध्यावर थांबतो आणि अर्धवट उघडलेल्या फाइली मागे राहतात. पीएचपीच्या आवृत्तीतील फरकही असाच घातक ठरतो. डेटाबेसशी संपर्क साधणारी जुनी कार्ये ७·० (२०१५) या आवृत्तीतून व आणखी काही जुनी कार्ये ८·० (२०२०) या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. त्यांचा उपयोग करणारे जुने प्लगिन नव्या सर्व्हरवर संपूर्ण संकेतस्थळ बंद पाडू शकतात. अशा वेळी निदान व्यवस्थापकाला आत शिरता यावे, म्हणून वर्डप्रेसच्या ५·२ (२०१९) या आवृत्तीपासून दोषी जोडणी त्याच्यापुरती थांबविण्याची सोय करण्यात आली आहे.

ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीपासून (२०१५) रचना हा भाग डेटाबेसातून वेगळा काढून साध्या मजकुराच्या फाइलींत उतरविता येतो. प्रत्येक संकेतस्थळास एक ओळखक्रमांक असतो आणि तो जुळत नसल्यास दुसऱ्या संकेतस्थळाची संपूर्ण रचना स्वीकारली जात नाही. हा नकार दोष समजून क्रमांक बदलण्यापूर्वी आपण योग्य संकेतस्थळाचा संच आणला आहे काय, हे तपासणे आवश्यक असते.

देवनागरी मजकुराचे दोष : यूनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ या लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, मात्रा व हलन्त यांनाही स्वतंत्र जागा लागते. डेटाबेसची प्रत आणताना लेखनपद्धती चुकीची सांगितली गेल्यास देवनागरीऐवजी विचित्र रोमन चिन्हांची माळ दिसते. अशा मजकुराचे मूळ बाइट सहसा शाबूत असल्याने तो परत मिळविता येतो. त्याऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर साठवतानाच मजकूर नष्ट झालेला असतो आणि मूळ प्रतीवाचून गत्यंतर नसते. या दोहोंतील भेद प्रथम ओळखणे महत्त्वाचे आहे.

मराठीत विशेष त्रास देणारे अक्षर ‘ऱ’ हे होय. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील हे अक्षर एका चिन्हाने, ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिले जाऊ शकते. पडद्यावर तिन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात. संगणकाला ती तीन वेगळी नावे वाटतात. परिणामी फाइल समोर असूनही तिचा दुवा तुटतो. झिप पद्धतीत यूटीएफ-८ नावांची स्पष्ट खूण २००६ मध्ये आली. ती खूण न घालणाऱ्या जुन्या साधनांनी बांधलेल्या संचातील देवनागरी नावे उघडताना बिघडतात. लिनक्सच्या प्रचलित पद्धतींत फाइलीचे नाव २५५ बाइटांपर्यंतच असू शकते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हेच त्यात मावतात.

पानाच्या पत्त्यातही अशीच मर्यादा आड येते. वर्डप्रेसमध्ये पानाच्या नावासाठी २०० रोमन चिन्हांची जागा असते आणि देवनागरीचे एक चिन्ह सांकेतिक रूपात त्यांपैकी नऊ व्यापते. ‘अहिल्यानगर जिल्ह्यातील’ या दोन शब्दांनाच मधल्या जागेसह १९० चिन्हे लागतात. तिसऱ्या शब्दाचे पहिले चिन्ह जेमतेम मावते. त्यामुळे या शब्दांनी आरंभ होणाऱ्या अनेक सूचनांचे पत्ते एकसारखे होऊ लागतात व प्रणाली त्यांना शेवटी क्रमांक जोडते. दुसऱ्या संकेतस्थळावर तसे नाव आधीपासून असल्यास क्रमांक बदलतो आणि एका सूचनेचा दुवा दुसरीवर जातो. पत्ता लहान व हेतुपूर्वक ठरविलेला असावा, हा यावरील उपाय होय.

नामांतराचे उदाहरण : संचातील चार भागांची सरमिसळ कशी घातक ठरते, हे अहमदनगरच्या नामांतरावरून चांगले समजते. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मस्थान. तेथे ३१ मे २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी या नामांतराची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठापासून साखर कारखाने, महाविद्यालये व ग्रामपंचायतींपर्यंत ज्या संस्थेच्या पत्त्यात जिल्ह्याचे नाव येते, तिच्या संकेतस्थळापुढे हा प्रश्न उभा राहतो.

डेटाबेसची प्रत मजकूर-संपादकात उघडून जुन्या नावाच्या जागी सर्वत्र नवे नाव घालणे, हा सुचणारा पहिला उपाय सदोष आहे. वर्डप्रेस आपली रचना पीएचपीच्या ज्या स्वरूपात साठविते, त्यात प्रत्येक शब्दापूर्वी त्याची बाइटांतील लांबी लिहिलेली असते. रोमन लिपीत जुन्या नावाची अक्षरे दहा व नव्याची अकरा आहेत. देवनागरीत जुने नाव २१ बाइटांचे व नवे ३० बाइटांचे आहे. शब्द बदलला आणि आधीची संख्या तशीच राहिली, तर ती संपूर्ण नोंद वाचता येत नाही. प्रणाली कोणताही संदेश न देता मूळ मांडणीकडे परतते. सूची, बाजूचे रकाने व संपर्काचा तपशील नाहीसा होतो. म्हणून हे काम लांबी पुन्हा मोजणाऱ्या साधनानेच करावे लागते. वर्डप्रेससाठी डब्ल्यूपी-सीएलआय हे असे साधन असून, प्रत्यक्ष बदल न करता किती ठिकाणी बदल होईल हे दाखविण्याची सोयही त्यात आहे.

तांत्रिक दृष्ट्या निर्दोष बदलही आशयाच्या दृष्टीने चूक ठरू शकतो. अहमदनगरची निजामशाही, जुन्या शासननिर्णयांची शीर्षके, न्यायालयीन प्रकरणांची नावे व प्रकाशित ग्रंथांची नावे ही त्या त्या काळाची प्रमाणे होत. ती बदलल्यास अभिलेख खोटा ठरतो. उलटपक्षी रोमन लिपीत जुने नाव एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाई. त्यांपैकी एकच रूप शोधल्यास दुसरे तसेच राहते. दोन्ही नावांच्या अखेरीस ‘नगर’ हाच शब्द असल्याने मराठी विभक्तिप्रत्यय मात्र बिघडत नाहीत. यास्तव पत्ता व शीर्षपट्टी यांतील नाव रचनेचा भाग म्हणून एकाच ठिकाणी बदलावे आणि लेखांतील नाव संपादकाने पाहून बदलावे. पानांचे जुने पत्ते छापील परिपत्रकांत व नागरिकांच्या संग्रही असतात. ते रद्द न करता नव्या पत्त्यांकडे कायमचे वळवावे लागतात.

दोषनिदानाची पद्धत : दोषनोंदींच्या फाइलीतील शेवटचा संदेश बहुधा परिणाम असतो, कारण पहिल्या संदेशात सापडते. त्यानंतर पाठविलेल्या व पोहोचलेल्या संचांची पडताळणी-संख्या ताडून पाहावी. ती जुळल्यास वाहतुकीतील बिघाडाची शंका दूर होते. मग संच उघडून त्यातील फाइलींची यादी पाहावी व तो त्याच आवृत्त्यांच्या कोऱ्या संकेतस्थळावर बसवून पाहावा. तेथे तो बिघडला तर दोष संचात, न बिघडल्यास परिस्थितीत किंवा इतर जोडण्यांत आहे असे समजावे. जोडण्यांपैकी कोणती दोषी आहे हे ठरविण्यासाठी निम्म्या बंद करून पाहण्याची रीत सोयीची आहे. सोळा जोडण्यांतील एक दोषी असल्यास ती चार चाचण्यांत सापडते. एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. दुरुस्तीनंतरही जुनेच पान दिसत असेल, तर तात्पुरत्या साठ्यातील प्रती काढून टाकून मगच निष्कर्ष काढावा.

प्रतिबंध : संच हाताने न बांधता आवृत्ती-नोंदीतील विशिष्ट आवृत्तीवरून ठरावीक आज्ञावलीने बांधावा, अवलंबून असलेल्या आज्ञावलीही तिनेच त्यात भराव्यात. संचाला क्रमांक व त्यासोबत घटकांची यादी असावी. परवलीचे शब्द व सर्व्हरचा तपशील त्यात कधीही नसावा. बदलापूर्वी डेटाबेस व फाइली या दोहोंची प्रत घ्यावी आणि ती अन्यत्र पूर्ववत उभी करून पाहावी. न पडताळलेली प्रत ही प्रत नव्हे.

सर्वाधिक हानी होते ती आठवड्यापूर्वीच्या चाचणी-प्रतीचा संपूर्ण डेटाबेस प्रत्यक्ष संकेतस्थळावर उतरविल्याने. संकेतस्थळ निर्दोष चालते, दोषनोंद कोरी असते. पण मधल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेली भरतीची जाहिरात, निविदेची शुद्धिपत्रे किंवा लाभार्थ्यांची यादी पुसली जाते. सूचना शोधणाऱ्या नागरिकाला ती निघालीच नाही असे वाटते व तिची मुदत टळून जाते. असा दोष संगणक दाखवीत नाही. आशयाचा प्रवाह केवळ प्रत्यक्ष संकेतस्थळाकडून चाचणीकडे ठेवणे आणि संचाद्वारे आज्ञावली व रचना एवढेच पाठविणे, हाच त्यावरील खात्रीचा उपाय होय.