वरळीचा वारसा पाण्यावरही आहे

वरळीच्या उत्तर टोकाला इंग्रजांनी 1675 च्या सुमारास एक छोटा किल्ला बांधला. समोर वांद्रे, बाजूला माहीम. उपसागरात शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला ही जागा मोक्याची होती. कोळीवाडा त्याआधीपासूनचा. पुढे 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला, वरळी आणि महालक्ष्मीमधल्या खिंडीतून आत येणारं पाणी अडलं आणि बेटांची मुंबई सलग होऊ लागली. 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. एवढ्या उलथापालथीत मासेमारी टिकली, म्हणून गोल्फादेवीच्या देवळाभोवतालची वस्ती नांदती राहिली. तरीही वारसा म्हटलं की आपल्याला फक्त बुरूज आठवतो. होड्यांची वाटही त्याच वारशात धरली पाहिजे.

कोस्टल रोडच्या कामात हे स्पष्ट दिसलं. सागरी सेतूला जोडणारा पूल कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जातो. आराखड्यात तिथल्या खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं, कोळ्यांनी 200 मागितलं. काही मीटर रुंदीच्या होडीला 60 मीटर भरपूर वाटतात, पण ते कागदावर. वारा आडवा आला, ओहोटीची ओढ लागली किंवा इंजिन बंद पडलं की होडी सरळ राहत नाही, खांबाकडे ढकलली जाते. अखेर 120 मीटरवर तडजोड झाली.

शहराला रस्ते नकोत का, असा प्रश्न यावर येतोच. रस्ते हवेत, आणि अंतर वाढवूनही पूल झालाच. म्हणजे होड्यांची वाट रुंद ठेवल्याने रस्ता अडत नाही. कोळ्यांचं म्हणणं आराखडा आखतानाच ऐकलं असतं, तर एवढा संघर्षही टळला असता. दुसरा आक्षेप असा, की मासळी घटली आहे, नवी पिढी नोकरीकडे वळते आहे, मग धंदा कशाला जपायचा? यात तथ्य आहे. पण धंदा सोडायचा की नाही हे कोळ्यांच्या घरात ठरावं. बंदराचं तोंड आवळून तो निर्णय त्यांच्यावर लादणं अन्याय आहे. कारण किनाऱ्यालगतच्या खडकांत शेवंड आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या लहान होडीवाल्याला दूरच्या समुद्रात जाणं परवडत नाही.

2011 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करण्याची तरतूद होती. त्या नकाशांत घरांच्या जोडीला मासळी सुकवायच्या जागा, होड्या ओढायचा किनारा आणि नौकामार्गही आखले गेले पाहिजेत. नकाशावर जे नसतं, त्यावर उद्या दुसरं काहीतरी बांधलं जातं.