माडीचा जिना आणि रांगतं बाळ

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढणारी लेकरं आजोळी येतात. भंडारा, पवनी, तुमसरच्या जुन्या वस्तीत आजोळ म्हणजे अनेकदा माडीचं कौलारू घर. माडीवर जाणारा सागवानी जिना, त्याला कातीव गजांचा कठडा, पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या. घराची शोभाच ती. पण ‘जिन्यावरून पडला’ म्हणून दवाखान्यात आणलेल्या लेकरांत असे पाहुणे असतातच. फ्लॅटमध्ये लिफ्टची सवय झालेल्या पोराला हा उभा जिना नवा आणि मोठ्या गमतीचा असतो.

‘आमची सहा लेकरं याच जिन्यावर वाढली, काही झालं नाही,’ असं आजी सांगतात. खोटं नाही ते. पण जिना तोच राहिला तरी त्याच्या पायथ्याची जमीन बदलली. तेव्हा शेणानं सारवलेली मातीची जमीन होती, आज टाइल्स आहेत. शिवाय तेव्हा घरात दहा माणसं असत आणि कुणाची ना कुणाची नजर लेकरावर असे.

लहान मूल पडतं तेव्हा बहुधा डोक्यावरच का आपटतं? जन्मताना डोकं शरीराच्या लांबीच्या सुमारे पाव हिस्सा असतं, मोठ्या माणसात आठवा हिस्सा. वरचा भाग जड, म्हणून तोल पुढे जातो. त्यात चढणं आधी येतं आणि उतरणं मागून. रांगणारं बाळ ८ ते १२ महिन्यांत पायऱ्या चढू लागतं, पण एका पायरीवर एकच पाऊल टाकत मोठ्यांसारखं उतरणं चौथ्या वर्षाच्या आसपास जमतं. म्हणजे मधली दोन-तीन वर्षं ते वर पोचू शकतं, परत येऊ शकत नाही.

कठड्यापासून सुरुवात करा. दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा, म्हणजे १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. चार इंचांचा लाकडी ठोकळा घ्या. तो फटीतून आरपार गेला, तर फट धोक्याची. अशा फटीतून बाळाचं अंग पायाकडून निसटतं, डोकं मात्र अडकतं आणि मान लटकते. पडण्यापेक्षाही हा प्रकार भयंकर.

यासाठी कठडा तोडून स्टीलचा बसवायची काही गरज नाही (तो सल्ला गावात फार सहज मिळतो). बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पत्रा गजांना आतून घट्ट बांधून घ्या. लाकडाला एकही भोक पडत नाही. मूल मोठं झालं की काढून टाका. आडव्या पट्ट्या मात्र ठोकू नका, लेकरू त्यांची शिडी करतं. जिन्याजवळ पाट, खुर्ची, धान्याचा डबाही नको. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून सांधे ढिले होतात, उधईही आतून पोखरते. म्हणून प्रत्येक गज हातानं हलवून बघा.

जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे फाटक हवं. खालचं दाबून बसवलेलं चालेल, वरचं मात्र स्क्रूनं पक्कंच हवं आणि ते जिन्याच्या बाजूला उघडता कामा नये. कातीव खांबाला भोक पाडायचं नसेल, तर सुताराकडून खांबाला रबर लावून एक फळी आवळून घ्या आणि बिजागरी त्या फळीवर बसवा. काही जुन्या घरांत जिन्याच्या तोंडावर लाकडी झडप असते. चोरांसाठी केलेली ही सोय लेकरांसाठीही उत्तम, फक्त ती बोटांवर आदळणार नाही अशी अडकवण असावी. दोन वर्षांच्या पुढे मूल फाटकावरच चढू लागतं, तेव्हा ते काढलेलं बरं.

तोवर बाळाला उलटं, पोटावर, पाय आधी खाली टाकत उतरायला शिकवा. तेल लावलेले किंवा मोज्यातले पाय गुळगुळीत सागावर घसरतात. बाळाला कडेवर घेऊन उतरणाऱ्यानं एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. दुसऱ्या हातात दुधाचं भांडं नको. वॉकर तर घरात आणूच नका. जिन्यावरून वॉकरसकट कोसळलेल्या मुलांमुळे कॅनडानं २००४ साली त्यावर बंदी घातली.

जुन्या कठड्याचा आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. दात येणारं बाळ गज चघळतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि ते वाढत्या मेंदूला बाधतं. पोपडे निघत असतील तर कोरडं घासू नका, धूळ घरभर पसरते. ओलं करून, मुलांना दुसऱ्या घरी ठेवून काम करा आणि नवा, शिसं नसलेला रंग द्या.

एवढं करूनही लेकरू पडलंच, तर टेंगळावर तेल चोळू नका, हळद भरू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. ‘झोपू देऊ नका’ हेही पूर्ण खरं नाही. लगेच रडलं, नंतर नेहमीसारखं खेळलं, तर झोपेच्या वेळी झोपू द्या. मधून मधून उठवून ओळख देतं का ते बघा. पण बेशुद्धी, झटका, पुन्हा पुन्हा उलट्या, न उतरणारी गुंगी, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, वर्षाच्या आतल्या बाळाच्या टाळूवर मऊ सूज, यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. मान हलवू नका, तोंडानं काही देऊ नका. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा: किती पायऱ्यांवरून पडलं, खाली माती होती की फरशी, आणि पडल्यावर लगेच रडलं का.