सेशन-गिटारवादक आणि श्रेयाचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ज्या संचाचे नाव असते त्याचेच वादन आत मुद्रित झालेले असते, असा श्रोत्यांचा स्वाभाविक समज असतो. रॉक संगीतात हा समज पुष्कळदा खरा ठरत नाही. याचे कारण सेशन-वादक होय. तो कोणत्याही संचाचा सभासद नसतो. ठराविक वेळेचे मानधन घेऊन तो वाजवितो आणि ध्वनिमुद्रिकेच्या खपाशी त्याच्या प्राप्तीचा सहसा संबंध राहत नाही. त्याच्या वादनाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह हंटर यांच्या कारकीर्दीवरून चांगला उलगडतो.

हंटर यांचा जन्म १९४८ साली इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे झाला. १९७१ मध्ये ते मिच रायडर यांच्या 'डेट्रॉइट' या संचात वाजवीत होते. त्या संचाचे निर्माते बॉब एझ्रिन यांनी पुढे लू रीड यांच्या 'बर्लिन' (१९७३) व ॲलिस कूपर यांच्या 'वेलकम टू माय नाइटमेअर' (१९७५) या ध्वनिमुद्रिकांसाठी त्यांना पाचारण केले. सेशन-वादकाची कारकीर्द श्रोत्यांच्या पसंतीपेक्षा निर्मात्याच्या विश्वासावर उभी असते, हे यावरून दिसते.

या कारकीर्दीत श्रेयाच्या तीन पायऱ्या आढळतात. पहिली अनामिकतेची. 'एरोस्मिथ' या संचाच्या 'गेट युअर विंग्ज' (१९७४) मधील 'ट्रेन केप्ट अ रोलिन' या गीतातील प्रमुख गिटारवादन हंटर व डिक वॅग्नर यांचे आहे. वेष्टनावर मात्र दोघांचीही नावे नव्हती. दुसरी पायरी वादक म्हणून नामनिर्देशाची. पीटर गेब्रिएल यांच्या १९७७ च्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर हंटर यांचे नाव वादकांत आहे. तीमधील 'सॉल्सबरी हिल' हे गीत मुख्यत्वे सात मात्रांच्या आवर्तनात चालते, आणि त्यातील बोटांनी छेडलेली गिटार हंटर यांची आहे.

तिसरी पायरी रचनाकाराची. २१ डिसेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या रीड यांच्या मैफलीचे मुद्रण 'रॉक अँड रोल ॲनिमल' (१९७४) या नावाने प्रसिद्ध झाले. 'स्वीट जेन' या गीतापूर्वी त्यात दोन गिटारींचे एक दीर्घ प्रास्ताविक आहे. ही रचना हंटर यांची असून ती त्यांच्याच नावे नोंदली गेली. रचनाकारास स्वामित्वधन मिळते. केवळ वादकास मानधनावर समाधान मानावे लागते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या तीन पायऱ्या वादनाच्या गुणवत्तेनुसार पडलेल्या नाहीत. काम कोणत्या सदराखाली नोंदले गेले, यावर त्या अवलंबून आहेत. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रक्षेपणाच्या उत्पन्नात साथीच्या कलावंतांनाही वाटा दिला. परंतु तो ५ टक्के असून वादक व गायक यांच्यात समान विभागला जातो. मुख्य कलावंताचा वाटा ४५ टक्के आहे.

संशोधकाच्या दृष्टीने याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. केवळ वेष्टनाच्या आधारे एखाद्या संचाची 'शैली' निश्चित करू गेल्यास भाडोत्री हाताचे कसब त्या संचाच्या खाती जमा होण्याचा संभव असतो. म्हणून ध्वनिमुद्रण-केंद्रातील नोंदी व वादकांची निवेदने ताडून पाहिल्यावाचून श्रेयनिर्णय करणे इष्ट नव्हे.